मोत्याच्या कुड्या : या चुका टाळा, मोती म्हणजे दगड नव्हे

दर श्रावणात आणि दर लग्नसराईत माझ्या टेबलावर त्याच तक्रारी येतात. ‘पाणी उतरलं’, ‘पिवळ्या पडल्या’, ‘एक मोती गळाला, तसा आता मिळत नाही’. मी २२ वर्षं घरी कुड्या (कानातली सात मोत्यांची फुलं), भिकबाळ्या आणि मोत्याचे वेल हातानं गाठवते. आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त कुड्या जुन्या झाल्या म्हणून बिघडलेल्या नसतात. कुणीतरी त्यांना ‘स्वच्छ’ केलेलं असतं, नाहीतर घाईत चिकटवलेलं असतं. तेच तेच सांगून थकले, म्हणून आता लिहून ठेवते आहे.

आधी मोती म्हणजे काय ते पाहा, बाकीचं आपोआप कळेल. मोती खाणीतून निघत नाही. शिंपल्यातला जीव आत शिरलेल्या खुपणाऱ्या गोष्टीवर थरावर थर चढवतो, त्याचा मोती होतो. हे थर कॅल्शियम कार्बोनेटच्या अतिशय पातळ चकत्यांचे असतात, त्यांना धरून ठेवायला मधे एक प्रथिन असतं आणि थोडंसं पाणीही असतं. या चकत्यांतून उजेड आत जाऊन परत येतो, त्यालाच आपण मोत्याचं पाणी म्हणतो. कठीणपणाच्या मोह्ज मापात माणिक ९ वर आहे आणि घरातल्या धुळीत असणारी वाळूची कणी ७ वर. मोती २.५ ते ४.५ च्या मधे कुठेतरी. म्हणजे धुळीनं भरलेली कुडी कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसलीत, तरी ओरखडे मोत्यावरच उठणार.

लिंबू, चिंच, सोडा, टूथपेस्ट

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

काही वर्षांपूर्वी एक बाई सासूबाईंच्या कुड्या घेऊन आल्या. मुलीची मंगळागौर आठ दिवसांवर होती आणि नऊवारीवर आजीच्याच कुड्या घालायच्या असं मुलीनं ठरवलेलं. कुड्या कपाटात पडून थोड्या मळकट झाल्या होत्या. चांदीची ताटं लिंबानं लखलखतात, मग मोतीही लखलखतील, अशा समजुतीनं त्यांनी कुड्या रात्रभर लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवल्या. सकाळी सोनं चमकत होतं. चौदाच्या चौदा मोती मात्र खडूच्या तुकड्यांसारखे पांढरे आणि निस्तेज झाले होते. हात लावला की बोटाला पीठ लागत होतं. त्यांना वाटलं की आत अजून मळ आहे, म्हणून त्यांनी वर टूथपेस्ट घासली.

लिंबाचं आम्ल चुनखडीवर, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटवरच, पडलं की बुडबुडे येतात, हे शाळेच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मोत्याचं तेच होतं, फक्त हळूहळू. शिवाय आम्ल भोकातूनही आत शिरतं. त्या कुड्यांमधल्या मोत्यांची भोकं आतून खाल्ली गेली होती आणि मोती तारेवर डुलत होते. टूथपेस्टमध्ये दातांवरचं किटण खरवडायला बारीक कणी घातलेली असते. ती दाताला चालते, पण मोत्याचं उरलंसुरलं तेजही खरवडून नेते. मोठा, जाड थराचा मोती असेल तर एखादा कसबी कारागीर वरचा थर काढून खालचा पाणीदार थर उघडा करू शकतो. कुडीतल्या तीन मिलिमीटरच्या मोत्याला ते जमत नाही. काढायला तिथे काही उरतच नाही.

मी सोन्याची बैठक आणि फिरकी तशीच ठेवली आणि नवे गोड्या पाण्यातले मोती बसवले. मुलगी मंगळागौरीला बसली. तिच्या आईनं ते चौदा खडूसारखे मोती एका छोट्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवले. त्या डबी बंद करत होत्या तेव्हा मला काही बोलताच आलं नाही.

मग साफ कसं करायचं? मी एवढंच करते. मऊ सुती फडकं साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळते, एकेक मोती अलगद टिपून घेते आणि कोरड्या टॉवेलवर रात्रभर सुकू देते. फारच तेलकट असेल तर वाटीभर पाण्यात बाळाच्या शाम्पूचा एक थेंब. बुडवायचं नाही. ओवलेली कुडी बुडवली की भोकात पाणी साचतं आणि तिथूनच मोती काळवंडायला लागतो. दुकानातल्या अल्ट्रासॉनिक, म्हणजे पाणी थरथरवून दागिने धुणाऱ्या, यंत्रात मोती कधीही जाऊ देऊ नका. काउंटरवर ‘दोन मिनिटांत करून देतो’ असं ऐकलंत तर कुड्या उचला आणि घरी या. दोन मिनिटांत होणारं कुठलंच काम मोत्याच्या भल्याचं नसतं.

अत्तर, गुलाबपाणी, हेअरस्प्रे

मोती शेवटी घालायचे आणि सगळ्यात आधी काढायचे. हळदीकुंकवाला अत्तरदाणी, गुलाबदाणी फिरते ते छानच आहे, पण अत्तर मनगटावर लावून घ्या, कानामागे नको. घरी आल्यावर कुड्या पुसूनच ठेवा.

ढोलपथकातली भिकबाळी

गेल्या काही वर्षांत तरुण मुलं पुन्हा भिकबाळी घालू लागली आहेत, याचा मला फार आनंद आहे. पेशवाईतल्या पुरुषांच्या कानाच्या वरच्या भागात दिसणारा हा दागिना. सोन्याच्या तारेत मोती आणि मधे लाल किंवा हिरवा खडा. पण मिरवणुकीत चार तास ढोल वाजवून घामानं निथळलेली बाळी तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकायची आणि पुढच्या गणपतीला काढायची, हे मोत्याला मारणं आहे. घाम आम्लधर्मी असतो. ओल्या फडक्यानं पुसायला अर्धं मिनिट लागतं. जमत नसेल तर वाजवताना काचेचे मोती घाला, खरे लग्नात घाला.

झटपट गोंद

आता नव्यानं कुड्या करायला लागलेल्या मुलींसाठी. यावर मी थोडी जास्त बोलणार आहे, कारण ही चूक मी स्वतः केली आहे.

सुरुवातीच्या काळात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला मला बारा जोड हवे होते, म्हणजे १६८ मोती. वेळ चार दिवस. तारेनं बांधायला जमणार नाही असं वाटलं, म्हणून एका बाजूनंच भोक असलेले मोती आणले आणि दांडीवर झटपट चिकटणारा गोंद लावून बसवले. एका संध्याकाळी सगळे झाले. तिसऱ्या दिवशी डबे उघडले तर मोत्यांवर पांढुरकी धूसर साय आली होती. या गोंदाची वाफ उडून जवळच्या पृष्ठभागावर बसते आणि बंद डबीत तर ती हमखास बसते. ती काढायला मी नेलपॉलिश रिमूव्हर वापरला. त्यानं साय गेली आणि मोत्यांचं पाणीही गेलं. संक्रांतीच्या आठवड्यातच पहिला मोती गळाला. हा गोंद सुकला की काचेसारखा ठिसूळ होतो. फिरकी फिरवताना बसणारा छोटासा झटकाही त्याला सोसत नाही. मी बाराही जोड घरोघरी जाऊन परत घेतले आणि पुढच्या महिन्यात तारेनं बांधून दिले.

तेव्हापासून माझा नियम असा आहे. कुडी तारेनं बांधायची. अगदी दांडीवरचाच मोती असेल तर दोन नळ्यांतून काढून मिसळायचा इपॉक्सी गोंद वापरायचा, तोही पाच मिनिटांत सुकणारा नव्हे, चोवीस तासांचा. दांडीला बारीक कानसेनं खाचा पाडायच्या, भोकातली भुकटी सुईनं काढायची, टाचणीच्या टोकाइतकाच इपॉक्सी लावायचा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. ‘संध्याकाळी शिकले, सकाळी विकले’ असं सांगणाऱ्या मुली मला भेटतात. त्यांच्या हातात कला असते, पण थांबायची तयारी नसते. कुडी कुणाच्या तरी लग्नात, भर मांडवात गळते, तेव्हा ती मुलगी तिथे नसते.

तारेचं थोडक्यात सांगते. गोड्या पाण्यातल्या छोट्या मोत्यांची भोकं फार बारीक असतात, साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर. ०.२ ची तार घेतलीत तर ती तीनदाही सहज जाते. जाड तार जबरदस्तीनं घुसवलीत की भोकाच्या कडेची कपची उडते आणि तिथून थर सुटायला लागतो. मी आधी सहा मोती ओवून तार पहिल्या मोत्यातून पुन्हा काढते, म्हणजे कडं बंद होतं. मग मधला मोती तारेत घेऊन समोरच्या मोत्यातून बाहेर येते. नंतर सगळ्या कड्यातून आणखी एक फेरा, आणि उरलेली टोकं मागच्या जाळीला बांधते. एकदा मोडलेली तार सरळ करून वापरू नका. ती त्याच जागी तुटते.

मधला खडा मोठा

मधे एक आणि भोवती सहा हे कुडीचं रूप उगाच ठरलेलं नाही. सारख्या आकाराच्या गोलाभोवती त्याच आकाराचे बरोबर सहा गोल एकमेकांना टेकून बसतात, ना कमी ना जास्त. टेबलावर एकेक रुपयाची सात सारखी नाणी मांडून बघा. नव्या मुली चार मिलिमीटरचे मोती घेतात आणि मधे पाच किंवा सहा मिलिमीटरचा लाल खडा बसवतात, कारण तो उठून दिसतो. पाचच्या खड्याभोवती सहा मोती ठेवले तर फटी राहतात आणि सातवा मावत नाही. सहाच्या खड्याभोवती सात मावतात, तरी अर्ध्या मोत्याहून जास्त जागा मोकळी राहते. मग ती फट गोंदानं नाहीतर सोनेरी टिकलीनं भरतात. खडा मोत्यांच्याच मापाचा घ्या. पाचचा खडा हवा असेल तर मोतीही पाचचे घ्या.

लायटरनं पारख

मोती खरा आहे का हे बघायला लायटर लावू नका. खराही काळा पडतो. दाताच्या कडेवर अलगद घासून पाहा, खरा मोती किंचित खरखरीत लागतो आणि काचेवर मुलामा दिलेला गुळगुळीत. नकली मोत्याचा मुलामा भोकाजवळ सोललेलाही दिसतो. शिंपल्यात नैसर्गिकपणे झालेला आणि माणसानं शिंपल्यात करवून घेतलेला, म्हणजे कल्चर, यांतला फरक मात्र दातानं कळत नाही. त्याला रत्नप्रयोगशाळेत एक्स-रे लागतो.

वर्षानुवर्षं लॉकर

मोत्यात पाणी असतं असं वर लिहिलं आहे. फार कोरड्या जागी, त्यातून ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवलेल्या हवाबंद डबीत, तो सुकतो आणि तडकू शकतो. मलमलच्या पिशवीत वेगळा ठेवा. बांगड्या, हिरे यांच्यात मिसळू नका. आणि सणाला तरी घाला.

फिरकी वॉशबेसिनवर उभं राहून काढू नका. अंथरुणावर टॉवेल पसरा. जड कुडी रोज घालून कानाची पाळी ओघळू देऊ नका. सोनाराकडे बैठकीला डाख, म्हणजे तापवून जोड, द्यायला गेलात, तर आधी मोती उतरवलेत का हे डोळ्यांनी पाहा.

‘मोती लाभत नाही’

नवरत्नांत मोती चंद्राचा, म्हणून पत्रिकेत तो ‘चालत नाही’ असं कळलं की बायका आजीच्या कुड्या विकायला काढतात. चंद्रासाठी मोती घालायचा असतो तो बोटातल्या अंगठीत, तोही सांगितल्यावरून. कुडी हा वेगळा दागिना आहे. तिच्यात तन्मणी, चिंचपेटी, नथ यांच्यासारखीच घरची, माहेरची, सौभाग्याची खूण आहे. स्वातीच्या पावसाचा थेंब शिंपल्यात पडून मोती होतो, असं आपल्याकडे म्हणत आले. १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले, ती बातमी सांगताना मराठी माणसानं त्यांना दोन गळालेले मोती म्हटलं. सर्वांत मोलाचं जे गेलं, त्यासाठी या भाषेला आठवला तो मोतीच. त्याला घरातून घालवायची घाई करू नका.

जुने मोती बदलून टाकणं

आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या कुड्यांत बसऱ्याचे, म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती असण्याची शक्यता खरी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आखातातला माल मुंबईत यायचा आणि इथेच निवडून, भोकं पाडून पुढे जायचा. जपानात मिकिमोतो यांनी १८९३ मध्ये कल्चर मोती तयार केला. पुढे त्याचं उत्पादन वाढत गेलं आणि १९२९ नंतरच्या मंदीत आखाताचा धंदा कोसळला. त्या काळचे मोती छोटे, थोडे वेडेवाकडे, मलईच्या रंगाचे असतात. आजच्या एकसारख्या पांढऱ्या मोत्यांशेजारी ते मळके वाटतात, आणि ‘नवे बसवून देतो’ म्हणणारा माणूस लगेच भेटतो.

माझ्या ओळखीच्या एका आजींनी अशा कुड्या एका दुकानात दिल्या. नव्या मोत्यांच्या होऊन आल्या. जुने कुठे, असं विचारलं तर ‘टाकले’ असं उत्तर मिळालं. त्यांच्याकडे मोती मोजलेले नव्हते, फोटो नव्हता, पावतीवर फक्त ‘कुडी दुरुस्ती’ लिहिलं होतं.

मी कुठलीही जुनी कुडी हातात घेते तेव्हा मालकिणीसमोर मोती मोजते, दोन्ही बाजूंचा फोटो काढते आणि मोत्यांची संख्या पावतीवर लिहिते. बदललेला प्रत्येक मोती कागदाच्या पुडीत घालून, वर तारीख लिहून परत देते, फुटका असला तरी. तुम्ही कुणाकडेही द्या, पण ही पुडी मागून घ्या आणि दुकानातून निघायच्या आधी तिथेच उघडून मोजा.