प्रश्न एका गल्लीत मावेल एवढाच घ्या : चौथ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पाविषयी

'ऑनर्स विथ रिसर्च', म्हणजे चार वर्षांच्या पदवीत शेवटच्या वर्षी संशोधनाचा मार्ग, घेतलेली मुलं-मुली पहिल्यांदा भेटायला येतात तेव्हा बहुतेकांच्या वहीत विषय आधीच लिहिलेला असतो : 'सोलापूर शहरातील विडी कामगार महिलांच्या समस्या : एक समाजशास्त्रीय अभ्यास'. मी तो खोडत नाही. फक्त विचारते, यातल्या कुठल्या बाईला तू नावानं ओळखतेस? उत्तर बहुधा घरातच असतं. आई, आत्या, नाहीतर शेजारची अक्का. मग तिच्याकडे दोन दुपारी नुसतं बसून ये, वही न उघडता, असं सांगते.

मी स्वतः सोलापूरच्या पूर्व भागातली. आई विड्या वळायची, वडील यंत्रमागावर होते. तरी माझ्या पहिल्या प्रकल्पात मी 'मासिक कौटुंबिक उत्पन्न किती?' असा प्रश्न छापून घेतला आणि तीस घरांत फिरले. जवळजवळ सगळ्यांनी एकच आकडा सांगितला. मला वाटलं, गल्ली किती सारखी आहे! आईनं रात्री समजावलं : हातात कागद आणि पेन दिसलं की रेशन कार्डावरचा आकडाच सांगतात, तू सरकारकडून आलीस असं वाटलं असणार. शिवाय महिन्याचा हिशोब तिथे कुणी करतच नाही. हिशोब हजार विड्यांवर चालतो. आज किती हजार झाल्या, छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, किती निघाली, हातात किती पडले. ती तीसही घरं मी पुन्हा केली. म्हणून सांगते, प्रश्नावली छापण्याआधी पाच-सहा घरांत ती वापरून बघा आणि ज्या शब्दांत लोक स्वतः बोलतात त्याच शब्दांत प्रश्न विचारा.

आता विषय लहान कसा करायचा? त्या दोन दुपारींतून एखादी गोष्ट खटकतेच. माझ्या एका विद्यार्थिनीला खटकलं ते पान. हजार विड्यांसाठी कारखान्यातून जेवढं तेंदूपान मिळतं तेवढ्यात हजार विड्या होत नाहीत, असं अक्का सहज बोलून गेल्या. मग उरलेलं पान कुठून येतं, कोण विकत आणतं, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून जातात? 'समस्या' हा शब्द गेला आणि प्रश्न आला. एक गल्ली, तीस घरं, एक प्रश्न. वर्षभराला हे पुरेसं आहे, आणि खरं सांगायचं तर अवघडही आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून जास्त गुण असतील तर हा मार्ग घेता येतो, आणि प्रकल्पाला १२ क्रेडिट असतात. तेवढ्या क्रेडिटचं काम शेवटच्या महिन्यात उरकत नाही. घरोघर फिरणं ऑगस्ट ते डिसेंबर या काळातच संपवा. जानेवारीत सिद्धरामेश्वरांचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरतो, तेव्हा कुणाला तुमच्यासाठी वेळ नसतो. मार्चनंतरचं सोलापूरचं ऊन तर तुम्हाला ठाऊकच आहे.

आधी काय लिहून ठेवलंय ते वाचा, पण ढीगभर नको. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या पुण्यातल्या गोखले संस्थेनं या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली होती, ती १९६५ साली पुस्तकरूपात आली. आपल्या शहराबद्दल इतकं काटेकोर काम झालेलं आहे हे आपल्याच मुलांना माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, आणि त्याच जनगणनेत प्रभागवार आकडेही मिळतात. विडी कामगारांसाठी १९६६ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितांनी घेतली; दोन्ही मुळातून वाचा. त्यांत काय लिहिलंय आणि गल्लीत काय घडतंय, या दोन्हींमधलं अंतर हाच कदाचित तुमचा प्रकल्प ठरेल.

भाषेचं काय? पूर्व भागात घरात तेलुगू, दुसऱ्या पेठेत कन्नड, तिसरीकडे उर्दू. बाया मराठी बोलतात, पण पैशाचं आणि दुखण्याचं बोलणं घरच्या भाषेत होतं. प्रश्नावली तेलुगूत करून घ्या, मग मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्या कुणाकडून ती परत मराठीत आणा. दोन्ही मराठी प्रती शेजारी ठेवल्या की कुठे अर्थ घसरला ते लगेच दिसतं. दुभाषी म्हणून त्याच गल्लीतला माणूस नेऊ नका. त्याच्यासमोर नवऱ्याच्या दारूबद्दल किंवा कर्जाबद्दल कोण बोलेल?

बोलताना कुणाचं काम थांबवू नका. तुमच्या तासाभरात तिच्या विड्या बुडतात, आणि त्याचे पैसे तुम्ही देणार नसता. सूप मांडीवर, हात चालू, तुम्ही समोर जमिनीवर. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा. 'नको' म्हटलं तर मोबाईल पिशवीत टाका, तिला दिसेल असा. आधार किंवा रेशन कार्डाचे फोटो कधीच काढू नका. नाव बदललं म्हणजे ओळख लपली असं समजू नका. 'तीन मुली, नवरा यंत्रमागावर, डावा हात अधू' एवढं लिहिलं तरी अख्खी गल्ली ओळखते. असे तपशील सैल करा, नाहीतर गाळा.

त्याच रात्री टिपणं लिहून काढा. रिक्षात, जेवायच्या आधी, कसंही, पण त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी अक्कांची वाक्यं तुमची झालेली असतात.

तीस घरांवरून टक्केवारी काढू नका. 'तीसपैकी वीस घरांनी पान विकत आणलं' असं लिहा. '६६.६७ टक्के' लिहिलं की सगळं सोलापूर मोजल्याचा भास होतो. तक्ते, प्रकरणं, संदर्भ लिहायची पद्धत वगैरे तुमचे मार्गदर्शक सांगतील, त्यात मी वेळ घालवत नाही. एवढंच सांगते, पहिलं प्रकरण शेवटी लिहा.

आणि बाइंडिंगला देण्याआधी निष्कर्ष गल्लीत वाचून दाखवा, तेलुगूत. त्या विद्यार्थिनीनं तसं केलं. हजारामागे हातात किती उरतं याचा हिशोब तिनं मांडला होता : मजुरी, त्यातून विकत आणलेल्या पानाचे पैसे वजा. तिला वाटत होतं काम संपलं. एका म्हाताऱ्या अक्कांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पान रात्री भिजवून ठेवते, सकाळी शाळेआधी कापून देते, त्या माझ्या नातीचे तास कुठंयत यात?" ते तास मोजायला ती आणखी दोन आठवडे रोज सकाळी सहाला जात होती. शेवटचं प्रकरण त्या तासांवरच आहे.