घरातल्या ताणावरचे नाटक कसे अभ्यासावे

घरातल्या बेबनावावरचे नाटक हाती घेतले की बहुतेक वाचक पहिल्या अंकातच दोषी कोण ते ठरवतात आणि उरलेले नाटक त्या निकालाचे पुरावे शोधण्यात घालवतात. अभ्यासाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. म्हणून पहिले वाचन एका बैठकीत, मध्ये न थांबता संपवावे, आणि दुसऱ्या वाचनाला एक वही घेऊन बसावे. त्या वहीत संवाद उतरवू नयेत, घरातले देणेघेणे उतरवावे: कोणती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, ती कोणी मागितली, कोणी लपवली आणि कोण मागायचेच राहिले.

सुरुवात ‘वाडा चिरेबंदी’पासून करावी. त्याचे लेखक महेश एलकुंचवार यांचा जन्म १९३९ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. १९८५ साली विजया मेहता यांनी रंगभूमीवर आणलेले हे नाटक धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात घडते. घरातले वडील तात्याजी वारले आहेत, तेरवीच्या खर्चाचा प्रश्न आहे, आणि मुंबईहून त्यांचा मुलगा सुधीर बायकोसह आला आहे. आपल्याकडच्या वाचकाला हा वाडा ओळखीचा वाटतो, पण त्या ओळखीमुळेच नाटकात नसलेल्या गोष्टी आपल्या घरातून आणून त्यात घालण्याचा मोह होतो, तो टाळावा.

वहीतले पहिले पान दागिन्यांना द्यावे. रात्री थोरला मुलगा भास्कर आणि त्याची बायको, म्हणजे घरातली वहिनी, दागिन्यांचा डबा उघडतात, वहिनी एकेक दागिना अंगावर चढवते, आणि तोच प्रवेश दोनतीनदा वाचल्यावर लक्षात येते की भास्करला त्या सोन्यात वडीलपण दिसते, तर वहिनीला इतकी वर्षे राबूनही न मिळालेला मान. शिकायचे राहून गेलेल्या भास्करच्या बहिणीसाठी, प्रभासाठी, तेच सोने सुटकेची वाट आहे, आणि भास्करची मुलगी रंजू ते घेऊन शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते. सोने एकच, पण ते ज्याच्या नजरेतून पाहावे तसा त्याचा अर्थ बदलतो. एवढे मांडून झाल्यावर ‘भास्कर लोभी आहे’ हे विधान किती अपुरे आहे ते वेगळे सांगावे लागत नाही.

रंगसूचना गाळू नयेत. अंगणात गंजत पडलेल्या ट्रॅक्टरबद्दल कोण बोलते आणि कोण गप्प राहते, हेही नोंदवावे.

त्यानंतर मोठ्याने वाचन करावे. कापसाची वेचणी उरकल्यावर गावातले पाचसहा जण वाचनालयात किंवा कोणाच्या ओसरीवर बसले तरी पुरते. वऱ्हाडी बोलीतली वाक्ये प्रमाण उच्चारात सारखी करू नयेत, कारण गावात राहिलेल्यांमधले आणि मुंबईकरांमधले अंतर त्या बोलीतूनच ऐकू येते. दुसऱ्या दिवशी भूमिका बदलाव्यात. ज्याने काल भास्कर वाचला त्याने आज प्रभा वाचावी. माझ्या अनुभवात याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही.

मग तीच वही घेऊन ‘एकच प्याला’कडे जावे. राम गणेश गडकरी १९१९ साली नागपूरजवळच्या सावनेरला वारले, आणि हे नाटक त्याच वर्षी रंगभूमीवर आले. दारूची चर्चा थोडी बाजूला ठेवून, माहेरची मदत न घेण्याची शपथ दारूच्या आहारी गेलेल्या सुधाकरच्या बायकोला, सिंधूला, कोण घालतो आणि त्यानंतर ती दळण दळून घर कसे चालवते, तेवढेच आधी उतरवावे.