छोट्या कपाटात कपडे कसे लावायचे (आणि मुख्य म्हणजे ते सापडायचे कसे)

वन बीएचकेतलं लोखंडी कपाट म्हणजे साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, त्यात नवरा-बायको दोघांचे कपडे, लॉकरमध्ये दागिने आणि कागदपत्रं, खालच्या कप्प्यात आहेरात आलेल्या चादरी ज्या अजून कुणी उघडलेल्याही नाहीत. मग रोज सकाळी शोधाशोध आणि "माझा तो निळा कुर्ता कुठंय गं?" जागा कमी असते हे खरंच, पण निम्मी कटकट जागेची नसतेच. वर्षातून दोनदा नेसायची साडी डोळ्यासमोरच्या कप्प्यात आणि आठवड्यातून तीनदा लागणारी लेगिंग तिच्यामागे कोंबलेली, असं झालेलं असतं. तेवढं उलटं केलं तरी बराच फरक पडतो.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच सुरू करा आणि सगळं कपाट पलंगावर रिकामं करा. एकेक कप्पा करून होत नाही, कारण या कप्प्यातलं त्या कप्प्यात सरकवण्यातच दिवस जातो. पलंगावर काढलं की रात्री झोपायचं असेल तर आवरावंच लागतं :) कपाट कोरड्या फडक्याने पुसा, दारं उघडी ठेवून थोडा वेळ पंखा लावा. जुन्या कपाटात कोपऱ्यात गंज असेल तर तिथे घासून घ्या, गंजाचा डाग पांढऱ्या कपड्यावर पडला की सहज जात नाही. कप्प्यात वर्तमानपत्र अंथरायची सवय असते पण फिक्या कपड्यांना शाई लागते, त्यापेक्षा जुन्या चादरीचा तुकडा कापून घाला.

आता ढीग करायचे, पण साडी-ड्रेस-शर्ट असे नाही तर किती वेळा लागतं त्यावर. दर आठवड्याला लागणारे, सणावाराला-लग्नाला लागणारे, थंडी-पावसाचे, आणि चौथा ढीग "बारीक झाल्यावर घालीन" वाला. या चौथ्या ढिगाशी जरा कठोर व्हा. चांगल्या अवस्थेतले कपडे कुणाला तरी द्या, तुमच्याकडे बोहारीण येत असेल तर तिच्याकडून एखादं पातेलं पदरात पाडून घ्या (सोसायट्यांच्या गेटवर आता तिला आत सोडत नाहीत तो भाग वेगळा), मऊ सुती साड्या मात्र देऊ नका, त्या गोधडीला आणि भारी साड्या गुंडाळायला लागतात.

लावताना खांद्यापासून कमरेपर्यंतचे कप्पे फक्त रोजच्या कपड्यांना. सगळ्यात वर स्वेटर, शाली. खाली जड वस्तू, जीन्स, चादरी. टीशर्ट, लेगिंग, मुलांचे कपडे एकावर एक थप्पी न लावता छोट्या घड्या करून पुठ्ठ्याच्या खोक्यात उभे लावा, बुटाचा खोका यासाठी मस्त. खोकं ड्रॉवरसारखं बाहेर ओढायचं, वरून सगळं दिसतं, आणि खालचा एक टीशर्ट ओढला म्हणून वरचे सगळे अंगावर येत नाहीत. ऑर्गनायझर विकत आणायची घाई नको, आधी लावून बघा मग काय कमी पडतंय ते कळेल.

हँगरचं एक लक्षात घ्या. मोठ्या माणसाच्या शर्टाचं हँगर १६-१७ इंच असतं आणि लोखंडी कपाट बाहेरून जेमतेम १९ इंच खोल, त्यामुळे जाड कोट लावला की दाराला घासतो. म्हणून हँगरवर फक्त चुरगळणारं लावा, शर्ट, सुती कुर्ते, वगैरे. ओढण्या एकाच हँगरवर सैल गाठ मारून चार-पाच बसतात. लटकवलेल्या कपड्यांच्या खाली जी जागा उरते तिथे बॅग किंवा परकरांचं खोकं जातं.

साड्यांचं जरा सविस्तर सांगते कारण तिथेच जास्त नुकसान होतं. साडी, तिचा ब्लाउज आणि परकर एकत्रच ठेवा, ब्लाउज साडीच्या घडीत घालून, म्हणजे ऐन कार्याच्या दिवशी घर डोक्यावर घ्यावं लागत नाही. पैठणी किंवा कुठलीही जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आत ओल धरते आणि जर काळी पडते. मऊ सुती कापडात गुंडाळायची, जर आतल्या बाजूला, आणि दोन-तीन महिन्यांनी काढून सावलीत पसरून घडी बदलायची. घडी तीच राहिली तर रेशीम त्याच रेषेवर चिरतं, आणि पदर चिरला की रफू कितीही चांगला केला तरी दिसतोच. परफ्यूम साडीवर थेट मारू नका.

डांबर गोळ्या कपड्यांवर मोकळ्या टाकायच्या नाहीत, फडक्यात बांधून कोपऱ्यात ठेवायच्या. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर अजिबातच नको, काही बाळांना जन्मतः जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते आणि त्यांना या गोळ्यांच्या वासाने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो. आपल्याकडे वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवायची पद्धत आहेच, तीच वापरा, फक्त पाला खडखडीत वाळलेला हवा.

छोट्या वस्तू: मिठाईचे रिकामे डबे फेकू नका, काजूकतलीच्या चपट्या डब्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले की कानातल्यांच्या जोड्या सुट्या होत नाहीत. बांगड्या पुठ्ठ्याच्या गोल नळीत ओवून ठेवा. मोत्याची नथ वेगळ्या मऊ कापडात, बाकी दागिन्यांना घासली की मोत्यावर चरे पडतात. बेल्ट आणि टाय दाराच्या आतल्या बाजूला चिकटणाऱ्या हुकवर.

मुंबई-कोकणात पावसाळ्यात बेल्ट-पर्सवर बुरशी येतेच. सिलिका जेलच्या पुड्या साठवून ठेवा आणि ऊन पडलं त्या दिवशी कपाट तासभर उघडं टाका. दोरीवरचे कपडे हाताला गार लागले तर ते ओलेच समजा, आत ठेवू नका, एक दमट पँट सगळ्या कप्प्याला वास लावते.

आणि इस्त्रीहून आलेले कपडे थप्पीच्या वर नका ठेवू, खाली सरकवा. नाहीतर वरचेच चार शर्ट आलटून पालटून घातले जातात आणि खालचे पुढच्या दिवाळीच्या साफसफाईलाच दिसतात.