हरभऱ्यात फवारणीआधी पंचा अंथरा

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात हरभरा आता फुलावर आलाय, लवकर पेरलेल्या रानात घाटेही, म्हणजे शेंगाही, धरू लागलेत. अशात दोन दिवस आभाळ आलं की कृषी सेवा केंद्रासमोर गर्दी होते आणि प्रत्येकाचं मागणं एकच, "घाटेअळीचं औषध द्या." बी.एस्सी. कृषीच्या शेवटच्या वर्षी कृषिकन्या म्हणून मी याच तालुक्यातल्या एका गावात राहिले. तिथे जे शिकले, त्यातलं एक काम या पंधरवड्यात कराच म्हणून हे लिहितेय: औषध आणायच्या आधी अळ्या मोजा.

ज्यांच्या रानात आमचं प्रात्यक्षिक होतं, ते आण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरी, मोजत बसलं तर घाटा राहील का?" त्यांची काळजी खरी होती. एक मोठी अळी तीस-चाळीस घाटे सहज खराब करते. डोकं घाट्यात, अर्धं अंग बाहेर. पण एक अळी दिसली म्हणजे रान गेलं, असं नसतं. मी त्यांच्या खांद्यावरचा पांढरा पंचा मागून घेतला, दोन ओळींच्या मध्ये अंथरला आणि एक मीटर ओळीतली झाडं त्यावर हलकेच झटकली. बांधाकडेच्या ओळी सोडून एकरात अशा दहा जागा पाहिल्या. सहा अळ्या पडल्या. मीटरला सरासरी एक ते दोन अळ्या किंवा शंभरात पाच घाटे किडके, ही नुकसानीची पातळी, तिथे पोचल्यावरच फवारायचं. तिथपर्यंत रान पोचलंच नव्हतं.

पंच्यावर आणखी एक गोष्ट मिळाली. वाळलेल्या लहान अळीला चिकटलेला पांढरट, काळसर ठिपक्यांचा बारीक कोष. तो कँपोलेटिस या मित्रकीटकाचा. तो अळीच्या अंगात अंडं घालतो, त्यातून निघालेली त्याची अळी घाटेअळीला आतून खाते. घाईने जहाल औषध मारलं की आधी हाच मरतो. आण्णांनी तो कोष तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला, आणि त्या दिवशी जहाल औषधाचा पंप बाहेर निघाला नाही.

त्याऐवजी 5 टक्के निंबोळी अर्क मारला. 5 किलो निंबोळीची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी गाळायची, 200 ग्रॅम साबणाचा चुरा घालून एकूण 100 लिटर पाणी करायचं. गाळताना कापड दुहेरी घ्या. आमचं एकेरी होतं, नोझल तीनदा तुंबलं आणि जमलेल्या बायाबापड्यांचा निम्मा वेळ वाया गेला. अर्क अंडी आणि बारीक अळ्यांवर चालतो, मोठ्या अळीवर त्याची भिस्त ठेवू नका.

हेक्टरी पाच कामगंध सापळे (मादीच्या गंधाने घाटेअळीचे नर पतंग ओढणारे) लावा, पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली गंधाची गोळी, तंबाखूच्या किंवा औषधाच्या हाताने धरू नका. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ-दहा पतंग पडले, तर पंचा लगेच अंथरा. अळ्या वेचणाऱ्या पक्ष्यांना बसायला पक्षीथांबे म्हणून काठ्या रोवल्या तरी चालतात. पेरताना हरभऱ्यात मूठभर ज्वारी टाकलेली असेल तर फारच बरं, तिच्या ताटांवर साळुंक्या आणि कोतवाल आपणहून बसतात.

आण्णांच्या रानात पाचव्या दिवशी पुन्हा मोजलं. हवा ढगाळच राहिली होती आणि दहा जागांत तेरा अळ्या भरल्या. तेव्हा मात्र आम्हीच फवारा म्हणालो. अळ्या लहान होत्या म्हणून आधी एचएएनपीव्ही, म्हणजे घाटेअळीला रोग लावणारं विषाणूचं औषध, घेतलं, हेक्टरी 500 एलई (हे त्याच्या मात्रेचं माप), तेही सूर्य कलल्यावर, कारण कडक उन्हात हा विषाणू निकामी होतो. रोग लागलेल्या अळ्या शेंड्याकडे चढून उलट्या लटकतात. परिणाम दिसायला चार-पाच दिवस लागतात, तेवढा धीर धरा. मोठ्या अळ्या जास्त असतील तर इमामेक्टिन बेंझोएट 5 टक्के एसजी 10 लिटर पाण्याला 4.4 ग्रॅम, हेक्टरी 500 लिटर पाणी धरून. दोन-तीन औषधं एका पंपात कालवू नका. दुसरी फवारणी लागलीच, तर वेगळ्या रासायनिक गटातलं औषध घ्या.

हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा. वाऱ्याच्या उलट्या तोंडाने चालू नका. 2017 साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले, ते आठवलं की मला आजही उघड्या अंगाने पंप मारणारा माणूस बघवत नाही.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच प्रात्यक्षिकात मला कुणी सांगितली नव्हती. खुरपायला आलेल्या बाया जाताना ओटीत हरभऱ्याची भाजी खुडून नेतात, पोरं डहाळे उपटून खातात. फवारलेल्या रानाच्या बांधावर चारी बाजूंनी लाल चिंधी बांधा, लेबलवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत ती काढू नका, आणि शेजारच्या वस्तीवर तोंडी निरोप द्या.