बदलीच्या गावात सहावीची शाळा निवडताना

बदली होऊन छोट्या गावात आलात आणि घरात पाचवी पास झालेलं मूल असेल, तर शाळेचं आधी बघा, भाड्याच्या घराचं नंतर. आपल्याकडे मोठ्या खेड्यांत बहुधा दोन पर्याय असतात: जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आणि एखाद्या संस्थेचं पाचवी ते दहावीचं अनुदानित विद्यालय. आमच्यापुढेही हेच दोन होते. गावात चौकशी केली की जो तो विद्यालयाचा दहावीचा निकाल सांगतो. सहावीतल्या पोरीला त्या टक्क्यांचा काय उपयोग? तिला गणित कोण शिकवणार, ते विचारा.

शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा, आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक हवा. पण पदं ठरतात संचमान्यतेत, म्हणजे शासन शाळेची शिक्षकपदं मंजूर करतं तेव्हा, पटावरच्या मुलांच्या संख्येवर. पट घसरला की पद जातं आणि मग भाषेच्या बाईंवर विज्ञानही येतं. म्हणून मुख्याध्यापकांना थेट विचारावं: विज्ञान-गणिताचे शिक्षक कोण, आणि ते यंदा बदलीपात्र आहेत का? चांगला मुख्याध्यापक या प्रश्नाने चिडत नाही.

मी दोन्हीकडे सातवीच्या गणिताच्या वह्या बघायला मागितल्या. विद्यालयातल्या वहीत पानोपानी लाल खूण आणि सही. एका उदाहरणात वजाचं चिन्ह राहून उत्तर चुकलं होतं, त्यालाही बरोबरचीच खूण. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या वहीत बाईंनी चुकलेल्या पायरीला गोल केला होता, शेजारी ‘आधी छेद समान कर’ असं लिहिलं होतं, आणि खाली मुलाने तेच गणित पुन्हा सोडवलं होतं. इमारत विद्यालयाचीच चांगली होती, मैदानही. तरी माझा कौल जिल्हा परिषदेच्या शाळेलाच गेला.

शाळा बघायला मधल्या सुट्टीच्या सुमाराला जावं. पोषण आहाराची खिचडी कशी आहे, मुलांना पुन्हा वाढतात का, मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आणि नळाला पाणी आहे का, हे दहा मिनिटांत कळतं. सेमी इंग्रजीचा फलक असेल तर विज्ञानाच्या तासाला मागे बसू द्याल का, असं विचारा. पुस्तक इंग्रजी आणि तासभर नुसतं भाषांतर, असा प्रकार बराच चालतो.

आणखी एक, एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी कोण करून घेतं, ते जरूर विचारा. ही परीक्षा आठवीत असते. वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असलेल्या घरातलं मूल निवडलं गेलं, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. सरकारी, अनुदानित आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठीच ती आहे, त्यामुळे दोन्ही शाळांतून बसता येतं. फरक पडतो तो जादा तास घेणाऱ्या शिक्षकाचा.

जिल्हा परिषदेची शाळा घेतली तर नववीला शाळा बदलावी लागणार, हे खरं आहे. तेव्हा नववीचा प्रवेश कुठे आणि एसटीची वेळ काय, हे आत्ताच बघून ठेवा. दरम्यान शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकांना जा. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे नव्या माणसालाही विषयशिक्षकाच्या रिक्त पदाचा प्रश्न तिथे मांडता येतो. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून मात्र अडून बसू नका. तेवढ्या कारणाने आठवीपर्यंतचा प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही.