गाणं कुणाचं? चित्रपटगीतकारांवर लिहिताना या चुका टाळा

गणेशोत्सवातल्या एका वाद्यवृंदाचं निवेदन माझ्याकडे होतं. कागद नीट लिहून नेला होता. 'आता ऐकू या तुकोबांचा अभंग' असं म्हणत मी 'आधी बीज एकले' जाहीर केलं. टाळ्याही पडल्या. मध्यंतरात पहिल्या रांगेतले एक आजोबा चहाचा कप घेऊन विंगेत आले. "गाथेत सापडला की मला पान कळव हो," एवढंच म्हणाले आणि गेले.

सापडणार कसा? ते गाणं शांताराम आठवल्यांनी प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटासाठी लिहिलेलं. चाल केशवराव भोळ्यांची. आठवल्यांनी तुकोबांच्या तोंडी शोभेल असं लिहिलं आणि ते इतकं शोभलं की लिहिणारा दिसेनासा झाला. पुढे वर्धापनदिनाच्या स्मरणिका, निवेदनं, श्रद्धांजलीचे लेख असं बरंच लिहिलं, तेव्हा कळलं की घसरणारा मी एकटा नाही.

चित्रपटातलं भक्तिगीत संताच्या नावावर टाकणं, ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चिवट चूक. 'इंद्रायणी काठी' भीमसेनांच्या आवाजात ऐकलं की अभंगच वाटतो. तो आहे ग. दि. माडगूळकरांचा, 'गुळाचा गणपती' (१९५३) मधला. या चित्रपटाला लोक 'सबकुछ पु. ल.' म्हणतात, त्यामुळे गदिमांचं नाव आणखीच मागे पडतं. 'कानडा राजा पंढरीचा'ची गंमत वेगळी. 'कानडा हो विठ्ठलु' ज्ञानेश्वरांचं, म्हणून हेही त्यांचंच, असं ठोकून दिलं जातं. हे गदिमांचं, 'झाला महार पंढरीनाथ' (१९७०) मधलं.

यावर पहिला उपाय म्हणजे शेवटचं कडवं बघा. अभंगात बहुधा 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशी नाममुद्रा असते. 'आधी बीज एकले'मध्ये ती नाही, हे मला कागद लिहितानाच दिसायला हवं होतं. पण नुसत्या मुद्रेवरही विसंबू नका. 'नामा म्हणे' असलेले सगळेच अभंग एकाच नामदेवांचे नाहीत. गाथा उघडून बघण्याला पर्याय नाही.

उलटी चूकही होते. राजकमलच्या 'लोकशाहीर रामजोशी'शी (१९४७) गदिमांचं नाव जोडलेलं, म्हणून 'सुंदरा मनामध्ये भरली'ही त्यांच्याच नावावर जाते. ती लावणी खुद्द शाहीर राम जोशींची. जुनी रचना चित्रपटात आली की ती चित्रपटाच्या गीतकाराची होत नाही.

आता टोपणनावं. एका स्मरणिकेत 'कवयित्री आरती प्रभू' असं छापलेलं मी स्वतः पाहिलं आहे, तेही बाईंच्या गौरवासाठी दोन ओळी जास्त खर्चून! आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. पी. सावळाराम हे निवृत्ती रावजी पाटील. 'वसंत अवसरे' दिसले तर शांता शेळके समजा. आणि 'आनंदघन' हे नाव गीतकाराच्या रकान्यात टाकू नका. ते लता मंगेशकरांनी संगीतकार म्हणून घेतलेलं. 'साधी माणसं' (१९६५) मधल्या 'ऐरणीच्या देवा तुला'ची चाल आनंदघनांची, पण ते लिहिलं जगदीश खेबूडकरांनी.

एका चित्रपटाला एकच गीतकार, हेही गृहीत धरू नका. 'सामना'मधलं 'सख्या रे घायाळ मी हरिणी' खेबूडकरांचं, 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे' आरती प्रभूंचं. नाव चित्रपटापुढे न लिहिता प्रत्येक गाण्यापुढे लिहायचं, एवढी सवय लावली की निम्मे घोळ मिटतात.

गदिमांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी. ते पटकथाकारही होते. 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) ची कथा-पटकथा त्यांची, गाणी मात्र भरत व्यासांची. आणि गीतरामायण हा चित्रपट नाही! पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेली ती ५६ गीतं. 'गदिमांचे गाजलेले चित्रपट' या यादीत मी ते वाचलं तेव्हा हसावं की रडावं कळेना. तसंच पी. सावळाराम आणि वसंत प्रभूंचं 'गंगा जमुना डोळ्यात उभ्या का' हे भावगीत. त्याचा चित्रपट शोधत बसू नका.

शब्द 'सुधारण्याची' खोड तर विचारू नका. 'कुंकू' (१९३७) मधलं आठवल्यांचं गाणं 'मन सुद्ध तुझं, गोस्त हाये पृथिवीमोलाची' असं आहे. कुणीतरी शुद्धलेखनप्रेमी त्याचं 'शुद्ध', 'गोष्ट', 'आहे' करून टाकतो. रस्त्यावर गात फिरणाऱ्या माणसाच्या तोंडची ती बोली आहे, मुद्रणदोष नव्हे. ती धुऊन काढली तर गीतकाराचं निम्मं काम पुसलं जातं. ना. धों. महानोरांच्या 'जैत रे जैत' (१९७७) मधल्या गाण्यांवरही हाच प्रयोग होतो. शंका असेल तर गाणं कानाला लावून ऐका आणि ऐकलं तसं लिहा.

लेखात अख्खं गाणं उतरवू नका. आपल्याकडे स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत तो आहे. दोन ओळी रसग्रहणासाठी घेणं वेगळं, आणि पान भरायला सगळी कडवी चिकटवणं वेगळं. चित्रपटातल्या गाण्याच्या रॉयल्टीचा वाटा गीतकाराला मिळत राहावा, म्हणून २०१२ मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला, हेही लक्षात असू द्या.

आणि पडताळायचं कुठे? गाण्यांच्या ॲपवर गायकाचं नाव ठळक, संगीतकाराचं बारीक, गीतकाराचं बऱ्याचदा नाहीच. त्यापेक्षा चित्रपटाची श्रेयनामावली थांबवून थांबवून वाचा. तबकडीवरची चिठ्ठी बघा. थिएटरात मिळायची ती गाण्यांची पुस्तिका जुन्या पुस्तकांच्या दुकानात अजून हाती लागते. कवीचा संग्रह असेल तर तोही चाळा. या चारांतले दोन जुळेपर्यंत मी आता नाव कागदावर उतरवत नाही.

ते आजोबा पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्या रांगेत होते. मी 'इंद्रायणी काठी' जाहीर करताना गदिमांचं नाव घेतलं आणि नकळत त्यांच्याकडे पाहिलं. ते पानाचा डबा उघडण्यात गुंतले होते.