घरात सडणाऱ्या बंदुका: पीकराखणीच्या परवानाधारकांनो, या चुका टाळा

पीक संरक्षणाच्या परवान्यावरची बंदूक वर्षातून उडते किती वेळा? चार, फार तर पाच. बाकीचे दिवस ती कोपऱ्यात, दिवाणात नाहीतर आढ्याला टांगलेली असते आणि तिची वाट लागते ती तिथंच. आजोबांच्या काळची दुनळी आतून खड्डे पडून दुरुस्तीला येते, तेव्हा मालकाचं ठरलेलं वाक्य असतं, "काईच नाई केलं भाऊ तिले." तेच तर झालं.

घरात सापडेल ते तेल

सगळ्यात जास्त बंदुका यानं खराब होतात. विदर्भात जवस घरचं, म्हणून जवसाचं तेल नळीला आणि खटक्याला लावतात. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं, दारांच्या वार्निशात ते घालतात ते यासाठीच. लाकडी दस्त्याला ते उत्तम: चार थेंब तळहातावर घेऊन गरम होईस्तोवर चोळा, जास्तीचं फडक्यानं पुसा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. पण आतल्या कमानीवर तेच तेल दोन वर्षांत गोंदासारखं बसतं. मग खटका ओढला तर घोडा आळसावल्यासारखा पडतो आणि काडतुसाच्या टोपीवर ठोकाच बसत नाही. खोबरेलाची गोष्ट वेगळी. ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि पौषातल्या पहाटे जागलीवर पारा कुठं असतो ते सांगायला नको. दुपारी घरात तपासलेली बंदूक रात्री शेतात अडते ती यामुळं.

रॉकेलनं जुनी घाण निघते, एवढंच. ते उडून गेलं की लोखंड उघडं पडतं. रॉकेलनं पुसल्यावर कोरड्या फडक्यानं पुसून त्याच बैठकीत बंदुकीचं तेल लावायचं, उद्यावर ढकलायचं नाही. बंदुकीचं तेल मिळालं नाही तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. नळीत तेलाचा ओला थर नको, फ्लॅनेलची पट्टी नुसती ओशट झाली म्हणजे पुरे. उडवायच्या आधी कोरडी पट्टी एकदा आरपार काढायची.

ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक असेल तर रॉकेल आणि तेल दोन्ही नंतर. काळ्या दारूची राख क्षारांची असते. हे क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. वर तेल लावलं की ते खाली झाकले जातात आणि हवेतला ओलावा ओढत बसतात. श्रावणात एका रात्रीत नळी तांबडी होते. बंदुकीला पाणी लावायला लोक घाबरतात, पण इथं पाणीच औषध आहे. नळी दस्त्यापासून सुटी करा, मागचं टोक बादलीतल्या कढत पाण्यात ठेवा, गजाला चिंधी बांधून हातपंपासारखं वरखाली करा. पहिलं पाणी काळं येतं आणि सडक्या अंड्यासारखं वासतं. पाणी स्वच्छ येईस्तोवर तीन वेळा बदला. कढत पाण्यानं लोखंड तापतं, म्हणून ते आपोआप सुकतं. सुकल्याबरोबर तेल.

नळीतून न बघता काडतूस भरणं

ही चूक करणारा सहसा नवखा नसतो, वीस वर्षं परवाना बाळगणारा असतो. होतं ते असं. बंदूक पावसाळाभर खुंटीला, तोंड उघडं. कुंभारीण माशीला बोटभर रुंदीचं, अंधारं, कोरडं भोक हवंच असतं. ती नळीत मातीची कोठी बांधते, आत कोळी कोंबून अंडं घालते, वरून लिंपून टाकते. ही माती वाळली की खापरासारखी कडक होते. कार्तिकातल्या रात्री धानात डुकरं शिरल्याची हाक येते, मालक धावत बंदूक काढतो आणि अंधारातच काडतूस भरून बार टाकतो.

बारा बोअरच्या साध्या काडतुसात सुमारे ३२ ग्रॅम छर्रे असतात. ते मातीवर आदळले की मागून येणारा वायू त्याच जागी कोंडतो. काडतूस बसतं त्या मागच्या भागाला घर म्हणतात, तिथं नळी जाड असते, पण पुढं जेमतेम एक मिलिमीटर. बेडूक गिळलेल्या सापासारखी ती तिथं फुगते, किंवा फाटते. फुगली तर मालक नशीबवान, कारण दुनळीत डावा हात त्याच बाजूला धरलेला असतो. फुगलेली नळी ठोकून बसवून देतो म्हणणारा कारागीर सापडतो, पण त्याच्याकडं जाऊ नका. धातू ताणला गेला तो गेलाच. दोन नळ्या एकमेकींना झाळून जोडलेल्या असल्यामुळं एकीच्या फुगण्यानं मधली पट्टी सुटते आणि शेजारची चांगली नळीही कामातून जाते.

उपाय दोन सेकंदांचा आहे. बंदूक मोडा, म्हणजे बिजागरीवर उघडा, काडतूस नाही याची बोटानं खात्री करा, पांढऱ्या फडक्यावर टॉर्च टाकून मागच्या बाजूनं नळीतून त्या उजेडाकडं बघा. आत गोल कड्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत. कुठं कडी तुटली, सावली पडली तर भरायची नाही. धुऱ्यावरून चालताना पाय घसरून नळीचं तोंड चिखलात गेलं तरी हेच. टांगताना तोंडाला कापसाचा बोळा घालणारे आहेत, तो काढायला विसरणारेही तेच.

बार टाकल्यावर आवाज नेहमीपेक्षा मऊ आला, नुसतं 'फुस्स' झालं, तर दुसरा बार टाकू नका. ओल लागलेल्या दारूनं जोर धरला नाही आणि छर्ऱ्यांमागचं बूच नळीतच अडकलं असं समजा. ठोका पडूनही बार झालाच नाही, तर नळी मोकळ्या दिशेला धरून किमान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. घाई असलेल्या माणसानं जागलीला बंदूक नेऊच नये, पत्र्याचा डबा वाजवावा.

थोडक्यात आटपण्यासारख्या

वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या खिशात मिसळू देऊ नका. वीसचं बाराहून बारीक असतं, ते नळीच्या घरातून घसरून पुढं अडकतं, मागं बाराचं व्यवस्थित बसतं, आणि दोन्ही मिळून नळी फोडतात.

जुन्या विलायती बंदुकीचं घर ६५ मिलिमीटरचं असू शकतं. ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं, कारण ही लांबी उडालेल्या, उघडलेल्या काडतुसाची असते. बसलं म्हणजे चालतं असं नाही. नळीच्या खालच्या सपाट भागावरचा आकडा वाचा.

काडतुसं युरियाच्या पोत्याशेजारी नकोत, टिनाच्या छपराखाली तर नकोतच. वैशाखात तिथं भाकर भाजेल.

चामड्याच्या खोळीत बंदूक फक्त नेण्याआणण्यापुरती. चामडं ओल धरतं.

निवडणुकीत बंदूक जमा करायची वेळ येते तेव्हा बहुतेक जण घरून उचलून तशीच नेऊन देतात. दीड-दोन महिने ती दुसऱ्याच्या खोलीत, दुसऱ्यांच्या बंदुकांना टेकून उभी राहते. तिथं तिला कोणी तेल लावणार नाही, तशी अपेक्षाही धरू नये. नेण्याआधी आतून-बाहेरून नेहमीपेक्षा जाड तेल द्या, नंबर आणि दस्त्यावरचे ओरखडे दिसतील असे फोटो काढा, पावतीवरचा नंबर तिथंच उभं राहून जुळवा.

"सायलेन्सर बसते का?"

मोबाइलवर व्हिडिओ बघून हा प्रश्न आता दर हंगामात येतो. फिनलंड, नॉर्वेत शिकारी रायफलला सायलेन्सर लावतात, खरं आहे. आपल्याकडं २०१६ च्या शस्त्र नियमांत आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी जोडणी पहिल्याच, म्हणजे बंदी असलेल्या वर्गात आहे. फिटरकडून काही वळवून, झाळून बसवलं तर परवाना, बंदूक आणि माणूस तिन्ही अडकतात. वनखात्याचा संशय वेगळाच, कारण जंगलाच्या कडेला गुपचूप बार कोणाला हवा असतो ते त्यांना ठाऊक आहे. मुळात पीक राखायला आवाज कमी कशाला करायचा? कळप पळतो तो आवाजानंच. डुक्कर असो की रोही (नीलगाय), मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे.

सिनेमात ऐकू येते तशी 'टुक' होतही नाही. सायलेन्सरनं रायफलचा आवाज साधारण २० ते ३० डेसिबलनं उतरतो, आणि गोळी ध्वनीपेक्षा वेगात जात असेल तर तिचा कडाका हवेत तसाच राहतो. बारा बोअरचा बार दीडशे डेसिबलच्या वर जातो. १४० च्या वर एका बारानंही कानाला कायमची इजा होऊ शकते. तेवढेच डेसिबल उतरवणारी कायदेशीर वस्तू मेडिकलमध्ये मिळते: फोमचे बोळे. ते लोक नुसते कानाच्या तोंडाशी ठेवतात आणि काही उपयोग नाही म्हणून फेकतात. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागं ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेस्तोवर वीस-तीस सेकंद बोट दाबून धरायचं. मचाणावर सोबत बसलेल्यालाही एक जोडी द्या. नळीचं तोंड बहुतेक वेळा त्याच्याच कानाशी असतं.